यामाहा

वाद्ये आणि ध्वनियंत्रे बनवणारी जपानी कंपनी. मुख्यालय शिझुओका प्रांतातील हामामात्सु येथे. १८९७ ते १९८७ या काळात ती ‘निप्पॉन गाक्की’ या नावाने ओळखली जाई. १८८७ पासून मोजलेल्या शताब्दीच्या वर्षी संस्थापकाचेच नाव तिने अधिकृतपणे धारण केले.

संस्थापक तोराकुसू यामाहा (१८५१–१९१६) हे संगीतकार नव्हते. नागासाकीत घड्याळकाम शिकून ते हामामात्सुत वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करीत. १८८७ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेतील अमेरिकी रीड ऑर्गन बिघडला आणि तो त्यांच्याकडे आला. भाता पायाने हलवून वाजवण्याचे हे वाद्य आपल्याकडच्या पायपेटीच्या जातीचे. दुरुस्तीसाठी ते उघडताना यामाहांनी आतल्या रचनेचे आराखडे काढून घेतले आणि किसाबुरो कावाई या कारागिराच्या मदतीने स्वतःचा ऑर्गन तयार केला. परीक्षणासाठी दोघे तो खांद्यावर घेऊन, हाकोनेचा घाट ओलांडून, सुमारे २५० किलोमीटरवरच्या तोक्योच्या संगीत संस्थेत गेले. निकाल निराशाजनक होता : बांधणी चांगली, पण वाद्य बेसूर. यामाहा तिथेच राहिले, स्वरशास्त्र आणि वाद्य जुळवण्याची पद्धत शिकले, आणि पुढचा ऑर्गन मान्य झाला. कंपनीच्या बोधचिन्हात आज तीन नादकाटे (स्वर जुळवण्याचे काटे, ट्यूनिंग फोर्क) दिसतात; नादकाट्याचा वापर १८९८ पासूनचा आहे.

१८९९ मध्ये यामाहा पियानोची निर्मिती पाहण्यासाठी अमेरिकेला गेले. १९०० मध्ये उभा पियानो, १९०२ मध्ये ग्रँड पियानो तयार झाला आणि १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात कंपनीच्या वाद्यांना पारितोषिक मिळाले. लाकूड वाळवणे, वाकवणे, थर चिकटवणे यातले कसब १९२० च्या दशकात विमानांचे लाकडी पंखे (प्रॉपेलर) बनवण्याच्या कामी आले. याच मार्गाने कंपनी यंत्रनिर्मितीकडे वळली. १९२६ चा संप शंभराहून अधिक दिवस चालला. त्यानंतर कोइची कावाई हे अनुभवी तंत्रज्ञ बाहेर पडले आणि १९२७ मध्ये त्यांनी त्याच शहरात कावाई ही प्रतिस्पर्धी कंपनी उभारली. महायुद्धानंतर अध्यक्ष गेन्इची कावाकामी यांच्या कारकिर्दीत संगीतवर्ग सुरू झाले (१९५४). कंपनीच्या वाढीत या वर्गांचा वाटा वाद्यांइतकाच मोठा मानावा लागेल, कारण विकत घेतलेला पियानो वाजवायला शिकवणारा शिक्षकही त्यांनी पुरवला. १९५५ मध्ये मोटारसायकलींचा विभाग स्वतंत्र कंपनी झाला. १९५९ मध्ये ‘इलेक्टोन’ हा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आला.

इलेक्ट्रॉनिक काळातील सर्वांत मोठी झेप मात्र बाहेरून आलेल्या कल्पनेवर आधारलेली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतकार जॉन चाउनिंग यांच्या १९६७ मध्ये लक्षात आले की, एका स्वराची कंपनसंख्या दुसऱ्या स्वराने खूप वेगाने हलवली तर आंदोलन कानाला वेगळे जाणवत नाही. त्याऐवजी नवा नादगुण जन्मतो. अमेरिकी ऑर्गन-निर्मात्यांना यात रस वाटला नाही. यामाहाने परवाना घेतला आणि या तत्त्वासाठी लागणाऱ्या चिप विकसित करण्यात अनेक वर्षे घालवली. त्यातून १९८३ मध्ये डीएक्स७ हा सिंथेसायझर तयार झाला : ६१ पट्ट्या, एकाच वेळी १६ स्वर, प्रत्येक स्वरामागे सहा तरंगजनक. घंटा, विद्युत पियानो, ब्रास यांचे काचेसारखे स्वच्छ आवाज त्यातून निघत. तो दीड लाखाहून अधिक विकला गेला आणि त्या दशकातले असंख्य ध्वनिमुद्रण त्याने रंगवले. नवे आवाज घडवणे मात्र अवघड होते. बहुतेक वादक कारखान्यातून भरून आलेलेच आवाज वापरत, म्हणून ते इतके ओळखीचे झाले.

ध्वनियंत्रांत १९७४ चा एनएस-१००० एम हा बेरिलियमच्या पडद्यांचा स्पीकर तांत्रिकदृष्ट्या अधिक धाडसी, पण इतिहास घडवला तो १९७८ च्या एनएस-१० ने. घरगुती श्रोत्यांसाठी काढलेल्या या पांढऱ्या शंकूसारख्या पडद्याच्या छोट्या स्पीकरचा आवाज ऐकायला सुखद नाही. तरीही बंद पेटीमुळे खालचे स्वर रेंगाळत नाहीत आणि मधल्या पट्टीतले दोष उघडे पडतात. म्हणून जगभरच्या ध्वनिमुद्रकांनी तो मिक्सिंगच्या टेबलावर ठेवला. २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे कंपनीने जर्मनीची स्टाइनबर्ग ही संगीत-सॉफ्टवेअर कंपनी आणि २००८ मध्ये व्हिएन्नाची बोसेनडॉर्फर ही पियानो कंपनी विकत घेतली; बोसेनडॉर्फरचे पियानो मात्र ऑस्ट्रियातच घडत राहिले.