नागा गावांची भटकंती आणि तिथले सण

नागा हे एका जमातीचं नाव नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. अंगामी, आओ, सुमी, लोथा, कोन्याक, चाखेसांग, तांगखुल अशा बऱ्याच जमातींना मिळून नागा म्हणतात, आणि त्यांची वस्ती नागालँडपुरतीच नाही तर मणिपूरचे डोंगर, अरुणाचल आणि आसामचा थोडा भाग आणि पलीकडे म्यानमारपर्यंत आहे. भाषा इतक्या वेगळ्या की अंगामी माणसाला कोन्याक बोलणं कळत नाही, त्यामुळे नागालँडच्या बाजारात सगळे आसामीतून तयार झालेली नागामीज बोलतात. खरी ओळख मात्र गावाची. जुनी गावं डोंगराच्या माथ्यावर, कारण शत्रू लांबून दिसायला हवा, आणि शत्रू म्हणजे बरेचदा शेजारचंच गाव.

सणही असेच, ज्या त्या जमातीचे आणि पिकाच्या वेळापत्रकाला बांधलेले. अंगामींचा सेक्रेन्यी फेब्रुवारीच्या शेवटी, कोन्याकांचा आओलिंग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आओंचा मोआत्सू पेरणी झाल्यावर मेच्या सुरुवातीला, सुमींचा तुलुनी ८ जुलैला, आओंचाच त्सुंगरेममोंग कापणीआधी ऑगस्टमध्ये, लोथांचा तोखू एमोंग पीक घरात आल्यावर ७ नोव्हेंबरला. या पक्क्या तारखा अलीकडच्या, सरकारी सुट्टीच्या यादीत बसाव्यात म्हणून ठरवलेल्या, पूर्वी गावातले जाणते लोक चंद्र आणि शेत बघून दिवस सांगायचे.

सेक्रेन्यी हा शुद्धीचा सण, साधारण दहा दिवसांचा. मजा म्हणजे सुरुवात नाचगाण्याने नाही, विहिरीपासून होते. आदल्या रात्री तरुण पोरं विहीर साफ करतात आणि मग सकाळपर्यंत तिच्यावर पहारा, बायकांनी त्या पाण्याला हात लावायचा नाही. पहाटे पुरुष नवीन शाली अंगावर घेऊन जातात आणि ते पाणी छातीवर, गुडघ्यांवर आणि उजव्या हातावर शिंपडतात, म्हणजे वर्षभराचं दुखणं-खुपणं धुऊन गेलं. मग घरी येऊन कोंबडा नुसत्या हाताने गळा दाबून मारायचा, आणि मरताना त्याचा उजवा पाय डाव्यावर पडला तर शकुन चांगला. पुढे तरुण पोरं-पोरी दिवसभर एकत्र बसून जुनी गाणी म्हणतात, तांदळाची बिअर आणि मटणाची ताटं फिरत राहतात. शेवटाकडे गावाचा अवजड लाकडी दरवाजा ओढून आणायचा कार्यक्रम असतो, त्यात अख्खं गाव दोराला लागतं. नागालँडची राजधानी कोहिमापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या तौफेमा गावाने पाहुण्यांसाठी पारंपरिक पद्धतीच्या झोपड्या बांधल्यात, तिथे राहून हे बघता येतं.

सणाच्या आड अजून एक गोष्ट असते ती म्हणजे गेन्ना, पाळायचे दिवस. त्या दिवशी कोणी शेतात जात नाही, आणि पूर्वी तर बाहेरच्या माणसाला गावात घेतच नसत. दुसरी गोष्ट मानाच्या जेवणाची. कोठार भरलेलं असलं की माणूस गावाला जेवण घालायचा, मिथुन म्हणजे तिथला गव्यासारखा पाळीव बैल कापायचा, आणि त्या बदल्यात त्याला घरावर लाकडी शिंगं लावायचा, ठराविक नक्षीची शाल पांघरायचा हक्क मिळायचा. अंगामी-चाखेसांगांमध्ये त्याच्या नावाने मोठा दगड ओढून उभा करायचे, ते दगड आजही गावाच्या वाटेवर उभे दिसतात. थोडक्यात श्रीमंती साठवून नाही, वाटून दाखवायची. म्हणून शाल विकत घेताना ती कसली आहे हे दुकानदाराला विचारावं, काही नक्ष्या कमावलेल्या आहेत, त्या गळ्यात टाकून फोटो काढणं तिथल्या म्हाताऱ्यांना खटकतं.

मोन जिल्ह्यातले कोन्याक सगळ्यात जास्त फोटोंमध्ये दिसतात, चेहऱ्यावर गोंदण आणि गळ्यात पितळेची छोटी मुंडकी. ती मुंडकी म्हणजे शत्रूची किती डोकी आणली त्याचा हिशोब, आणि ही प्रथा इथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. गोंदलेले म्हातारे आता फार थोडे उरलेत, आणि त्यांच्याकडे "किती मारले?" अशी चौकशी करणारे टुरिस्ट मात्र वाढलेत, जे खरं तर बरं नाही. आओलिंग सहा दिवसांचा, पहिले तीन लाकूडफाटा, जनावरं आणि तांदळाच्या बिअरच्या तयारीत जातात, चौथा दिवस मुख्य, पाचवा एकमेकांचा मान करायचा आणि सहावा साफसफाईचा. सीमेवरच्या लोंगवा गावात आंगचं, म्हणजे वंशपरंपरागत प्रमुखाचं घर अर्धं भारतात अर्धं म्यानमारमध्ये येतं. सीमेवरची मोकळी ये-जा बंद करणार असं केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केल्यावर तिथे नाराजी पसरली, कारण रेघ नंतर आली, गाव आधीचं.

जुन्या गावाचं केंद्र मोरुंग, म्हणजे तरुण पोरांचं घर, आओ त्याला अरिजू म्हणतात. पोरगा वयात आला की तिथे झोपायला जायचा आणि लढाई, बांबूचं विणकाम, गाणी सगळं तिथेच शिकायचा. शेजारी अख्ख्या झाडाचं खोड पोखरून केलेला भला मोठा ढोल असतो. मग १८७२ मध्ये बाप्टिस्ट मिशनरी ई. डब्ल्यू. क्लार्क आओ गावात पोचले आणि चित्र पालटलं. मिशनऱ्यांना बिअर नको होती, मोरुंग नको होतं, मुंडकी तर नकोच होती. आज नागालँडमध्ये सुमारे ८८ टक्के लोक ख्रिश्चन आहेत (२०११ची जनगणना), त्यामुळे बऱ्याच गावांत सण प्रार्थनेने सुरू होतो आणि बळी वगैरे भाग गळून गेलाय. हे खोटं झालं असं म्हणायचं कारण नाही, गावानेच काय ठेवायचं ते ठरवलंय.

हॉर्नबिल फेस्टिव्हल हा वेगळाच प्रकार. तो कुठल्याच जमातीचा सण नाही, राज्य सरकारने २००० मध्ये सुरू केलेला महोत्सव, १ ते १० डिसेंबर, कोहिमाजवळ किसामाला. सगळ्या जमाती एका मैदानात, प्रत्येकाचं मोरुंग, रॉक बँड, राजा मिर्ची खायची स्पर्धा. वेळ कमी असेल तर उत्तम, पण पेरणीचा नाच डिसेंबरमध्ये बघतोय एवढं लक्षात असावं. २०२१ मध्ये मोनमधल्या ओटिंगला सैन्याच्या गोळीबारात गावकरी मारले गेले तेव्हा हा महोत्सव मध्येच बंद केला होता.

आता मराठी माणसाचा एक धागा. मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यातलं सांगशाक हे तांगखुल नागांचं गाव, मार्च १९४४ मध्ये इथे जपानी सैन्याला काही दिवस अडवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. या भागात तांगखुलांचा लुइरा फानित हा बी पेरायचा सण फेब्रुवारीच्या सुमारास असतो.

नागालँडला जायचं तर इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात शिरायचा सरकारी परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो. रेल्वेने दिमापूरला उतरावं. मोनला राज्याच्या आतून जाण्यापेक्षा आसाममधल्या सोनारीवरून जाणं सोपं. दारूबंदीचा कायदा १९८९ चा आहे, पण घरगुती तांदळाची बिअर सणात मिळतेच. शाकाहाऱ्यांनी डाळ-भात आणि उकडलेल्या भाज्यांची तयारी ठेवावी, बाकी सगळीकडे धुरावलेलं डुकराचं मांस, बांबूचे कोंब आणि आखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, ज्याचा वास आधी येतो आणि चव नंतर कळते. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो आणि दुकानंही लवकर मिटतात. रविवारी तर सगळं बंद, त्या दिवशी प्रवास ठेवू नये.