खाऱ्या हवेतला प्लाझ्मा: दुरुस्त करायचा की बदलायचा?

पॅनासॉनिकने 2013 संपता संपता प्लाझ्मा पडदे बनवणं थांबवलं. पुढच्याच वर्षी सॅमसंग आणि एलजीनेही या धंद्यातून गाशा गुंडाळला. त्यामुळे रत्नागिरीत, मालवणात किंवा श्रीवर्धनला एखाद्या माजघरात आज जो प्लाझ्मा टीव्ही चालू आहे, तो दहा वर्षांहून जुना आहे आणि त्याचं नवं पॅनेल आता कुठेच बनत नाही. तरीही रात्री दिवे मंद करून सिनेमा लावला, की त्याचं चित्र आजच्या मध्यम किमतीच्या एलईडी टीव्हीपेक्षा सरस दिसतं. डोळ्यांना दिसतं ते खरंच आहे. काळा रंग खोल असतो, धावता चेंडू पुसट होत नाही, आणि कोपऱ्यात बसलेल्यालाही रंग तेच दिसतात.

म्हणून ‘जुना झाला, बदलून टाका’ हा सल्ला पुरेसा नाही. बिघाड नेमका कुठे आहे, वीज किती खर्च होते आणि टीव्ही घरात कुठे ठेवलाय, हे पाहावं लागतं. किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते, आणि बहुतेक वेळा निकाल मीठच लावतं.

आधी प्लाझ्मा मागे का पडला ते पाहू. या पडद्याचा जन्म 1964 सालचा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो शिक्षणासाठीच्या संगणक प्रणालीकरता तयार केला. त्याच्या दोन काचांमध्ये लाखो बारीक कप्पे असतात आणि त्यांत निऑन व झेनॉन वायूंचं मिश्रण असतं. कप्प्यावर सुमारे 200 व्होल्टचे ठोके दिले की वायू पेटतो आणि झेनॉनमधून मुख्यतः 147 नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात. कप्प्यातला फॉस्फरचा लेप ते शोषून लाल, हिरवा किंवा निळा प्रकाश देतो. ट्यूबलाइटही याच तत्त्वावर चालते, पण तिच्यात पारा असतो आणि किरण 254 नॅनोमीटरचे असतात. हा फरक प्लाझ्माला महागात पडला. 147 नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये साधारण 8.4 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, आणि त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या हिरव्या फोटॉनमध्ये जेमतेम 2.4. फॉस्फर कितीही उत्तम बनवा, सत्तर टक्क्यांहून जास्त ऊर्जा तिथल्या तिथे उष्णता होऊन जाते. वायू पेटवतानाची आणि कप्प्याच्या भिंतींशी होणारी गळती त्याहून वेगळी.

कप्पा जितका लहान, तितकी भिंतींशी होणारी ही गळती जास्त. 42 इंची फुल एचडी प्लाझ्मात एका रंगाचा कप्पा सुमारे 0.16 मिलिमीटर रुंद आणि 0.48 मिलिमीटर उंच असतो. त्याच मापात फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र, करायचं तर दोन्ही मापं निम्मी करावी लागतात. मग उजेड घटतो, तो भरून काढायला वीज वाढवावी लागते, आणि कप्पे निवडणाऱ्या चिपाही वाढतात. पॅनासॉनिकने फोरके प्लाझ्मा बनवला खरा, पण तो 152 इंची, व्यावसायिक वापरासाठी. घरगुती मापात ते जमलं नाही. त्यात दुकानांतल्या लखलखाटात एलसीडी (आजचा एलईडी टीव्ही हा त्याचाच प्रकार) उठून दिसायचा. प्लाझ्मामध्ये पडद्याचा मोठा भाग पांढरा झाला की पॉवर सप्लायवर ताण येऊ नये म्हणून सर्किट उजेड आपोआप खाली आणतं. क्रिकेटचं पांढुरकं मैदान किंवा बर्फाचं दृश्य त्यामुळे मळकट दिसतं. ग्राहकाने हे दुकानात पाहिलं आणि एलसीडी घरी नेला. अंधाऱ्या खोलीत दोघांची तुलना करायची संधी फार थोड्यांना मिळाली.

आता विजेचं. टीव्हीच्या मागच्या लेबलावर कमाल वॅट लिहिलेले असतात. प्रत्यक्ष खप चित्राच्या उजेडावर अवलंबून असतो, म्हणून तो मोजलेला बरा. फ्रिज, पंप, दिवे, पंखे सगळं बंद करून फक्त टीव्ही आणि त्याचा सेटटॉप बॉक्स चालू ठेवा. घराच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला तो किती ठोके देतो, म्हणजे किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर 3200. नेहमीचं चॅनल लावून पाच मिनिटं ठोके मोजा. मीटर 3200 चा असेल तर आलेल्या आकड्याला 3.75 ने गुणलं की वॅट मिळतात. 67 ठोके म्हणजे सुमारे 250 वॅट, 21 ठोके म्हणजे सुमारे 80. पहिला आकडा जुन्या 42 किंवा 50 इंची प्लाझ्माला शोभणारा, दुसरा तेवढ्याच एलईडीला. रोज पाच तास टीव्ही चालत असेल तर हा 170 वॅटचा फरक वर्षाला सुमारे 310 युनिट होतो. बिलात तुमचा शेवटचा स्लॅब ज्या दराचा आहे त्याने तो गुणा, कारण वाचणारी युनिटं वरच्या स्लॅबमधलीच असतात. दर समजा दहा रुपये असेल तर वर्षाचे तीन हजार शंभर. रोज तासभर बातम्या पाहणाऱ्या घरात हाच आकडा सव्वासहाशेच्या आसपास येतो, आणि निव्वळ विजेपोटी टीव्ही बदलण्यात अर्थ उरत नाही.

मिठाकडे जरा सविस्तर पाहायला हवं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण टीव्हीच्या जाळीतून आत जाऊन बोर्डावर बसतात. कोरडे असेपर्यंत ते फारसं काही करत नाहीत. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता या रेषेच्या वरच असते. तो थर वीज वाहून नेतो, आणि प्लाझ्माच्या बोर्डांवर तर काही मिलिमीटरच्या अंतरावर 200 व्होल्टच्या रेषा असतात. आधी हिरवट बुरशीसारखा गंज, मग गळती, मग एक दिवस ठिणगी.

यावर चालू टीव्हीची ऊबच उपाय करते. 27 अंशांच्या, 90 टक्के आर्द्रतेच्या हवेला टीव्हीच्या आत 37 अंशांपर्यंत ऊब मिळाली, की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास 51 टक्क्यांवर येते. मीठ पुन्हा सुकतं. प्लाझ्मा भरपूर तापतो, म्हणून रोज चालणारा संच किनाऱ्यावरही टिकतो. सडतो तो बंद घरातला. चाकरमान्यांची घरं जूनपासून गणपतीपर्यंत बंद असतात, आल्या आल्या टीव्ही लावला जातो आणि त्याच दिवशी तो जातो. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर पावसाळ्यात दर दोन दिवसांनी तासभर टीव्ही चालवायला सांगा. ते शक्य नसेल तर प्लग काढून ठेवा आणि परत आल्यावर दारं-खिडक्या उघडून किमान एक-दोन कोरडे दिवस जाऊ द्या. मागच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा, ब्लोअरने हवा मारा, मगच प्लग लावा. झाकायचं तर सुती कापडाने, आणि फक्त टीव्ही बंद असताना. प्लास्टिकच्या आवरणात दमट हवा कोंडून राहते.

विजांच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात, प्लगबरोबर डिशची केबलही काढायला हवी. विजेचा बराच दाब त्याच वाटेने आत येतो. सर्ज प्रोटेक्टर लावला तरी अर्थिंग चांगलं नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

टीव्ही बिघडलाच तर लक्षणांवरून बरंच कळतं. चालू करताच ‘टक्’ असा रिलेचा आवाज येऊन दोन-तीन सेकंदांत बंद होत असेल तर संशय पॉवर सप्लाय किंवा सस्टेन बोर्डावर (कप्पे पेटते ठेवणारे ठोके देणाऱ्या बोर्डावर) घ्यावा. सप्लायमधले कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर ते तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचे, 105 अंशांचे लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचे) घ्यावेत. ही दुरुस्ती स्वस्त आहे आणि जरूर करावी. आवाज येतो पण चित्र नाही, असं असेल तर बहुधा वाय किंवा झेड सस्टेन बोर्ड गेलेला असतो. इथे एक चूक वारंवार होते. वाय बोर्ड जळताना पुष्कळदा बफर बोर्डालाही, म्हणजे त्याचे ठोके पडद्याच्या ओळींना वाटून देणाऱ्या बोर्डालाही, शॉर्ट करतो. बफर न तपासता नुसता वाय बोर्ड बदलला की नवा बोर्डही तासाभरात जळतो. आडव्या रेषा किंवा पट्टे बफरकडे बोट दाखवतात. वरून खालपर्यंत गेलेला काळा उभा पट्टा मात्र बहुतेक वेळा पॅनेलच्या काठाला चिकटवलेल्या फितीचा असतो. ती बदलता येत नाही, तेव्हा तिथे पैसे घालू नका. जुना बोर्ड मिळवताना त्यावरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. पॉवर सप्लाय बदलल्यावर मेकॅनिकने पॅनेलवरच्या स्टिकरवर दिलेले व्होल्टेज मोजून लावले का, ते विचारा. प्रत्येक पॅनेलचे आकडे वेगळे असतात, आणि ते चुकले की काळ्या भागात लाल-हिरवे ठिपके चमकू लागतात.

मागचं झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

काही गोष्टींसाठी मात्र टीव्ही बदलायची गरज नाही. अॅप चालेनाशी झाली असतील तर एचडीएमआयला फुल एचडी स्टिक लावा. 1024 गुणिले 768 चं जुनं पॅनेल असेल आणि चित्र येत नसेल तर स्टिकचं आउटपुट 1080 आय किंवा 720 पी ठेवा. चॅनलचा लोगो फिकट उमटून राहिला असेल तर काही दिवस पूर्ण पडदा भरणारी, हलती चित्रं दाखवा. बऱ्याचदा तो पुसला जातो. फॉस्फर झिजण्याची भीती तर सोडूनच द्या. शेवटच्या पिढीतल्या पॅनेलचा उजेड निम्म्यावर यायला कंपन्या एक लाख तास सांगत, म्हणजे रोज पाच तासांनी जवळपास पंचावन्न वर्षं.

पॅनेल फुटलं, उभा पट्टा आला, किंवा एकाच वर्षात दुसऱ्यांदा बोर्ड जळला, तर बदलण्याची वेळ झाली. बफर तपासूनही दुसऱ्यांदा जळणं म्हणजे बहुधा गंज सगळीकडे पसरला आहे. उजेडाच्या ओटीवर किंवा पडवीत टीव्ही असेल तर एलईडीच घ्या. तिथे प्लाझ्मा कधीच नीट दिसला नव्हता. गणपतीत सगळीकडे पसरून बसणारी माणसं असतील तर आयपीएस पॅनेल, कारण व्हीए पॅनेल बाजूने फिकं दिसतं. माजघरासारख्या अंधाऱ्या खोलीत प्लाझ्माची खरी जागा घेतो तो ओएलईडी, ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तो महाग आहे, आणि त्यावरही लोगो उमटू शकतो. शोकेसच्या खणात बसवणार असाल तर आधी टेपने माप घ्या: 55 इंची टीव्हीची रुंदी सुमारे 123 सेंटिमीटर असते आणि पाय बहुधा दोन टोकांना असतात.

चिऱ्याच्या भिंतीवर टांगायचा असेल तर भोक चिऱ्याच्या मधोमध पाडा, सांध्यात नको. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. जांभा आतून भुसभुशीत असतो आणि ठोक्यांनी भोक मोठं होतं. लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर वापरा, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीऐवजी आतली भिंत निवडा.

जुना संच फोडू नका, खाडीकाठी टाकू नका. जुन्या प्लाझ्मांच्या काचेच्या थरांत शिशाची संयुगं असतात. 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. नवा टीव्ही देणाऱ्या दुकानदाराला जुना घेण्याबद्दल विचारा. संच नेताना उभाच न्या, आडवा झोपवला तर काच तडकू शकते. पॅनेल फुटलं असलं तरी बोर्ड चांगले असू शकतात, आणि दुसऱ्या कुणाचा प्लाझ्मा चालू करायला सुटे भाग आता अशाच संचांतून मिळतात. जुना संच देण्याआधी गावातल्या मेकॅनिकला एकदा दाखवा.