ॲल्युमिनियमचे फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग : योग्य मापांचा शोध

फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग म्हणजे धातू न वितळवता, घर्षणाच्या उष्णतेने मऊ करून आणि ढवळून सांधण्याची पद्धत. १९९१ मध्ये इंग्लंडमधील द वेल्डिंग इन्स्टिट्यूट येथे वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी ती विकसित केली. फिरत्या टूलची पिन सांध्यात शिरते, रुंद खांदा वरून दाबतो. धातू साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला कणकेसारखा मळला जातो आणि टूल पुढे सरकेल तसा मागे बसत जातो. विजेच्या आर्कने (ठिणगीच्या झोताने) वितळवून सांधताना तडकणारे २०२४ किंवा ७०७५ या क्रमांकांचे ॲल्युमिनियम मिश्रधातूही त्यामुळे जोडता येतात.

खरी कसोटी उष्णतेचा मेळ बसवण्याची. टूलचे फेरे वाढवले किंवा सरकवेग (टूल सांध्यावरून पुढे जाण्याचा वेग) घटवला की उष्णता वाढते. ती कमी पडली तर आत बोगद्यासारखी पोकळी राहते आणि वरचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत दिसतो. हा दोष सर्वांत घातक. उष्णता जास्त झाली तर कडेने धातू बाहेर येतो, शिवाय ६०६१-टी६ या उष्णता-प्रक्रियेने कणखर केलेल्या मिश्रधातूमधले बळ देणारे सूक्ष्म कण विरघळतात किंवा जाड होतात. म्हणूनच निर्दोष सांधाही ओढल्यावर बहुधा शेजारच्या मऊ पट्ट्यात तुटतो.

कोल्हापूर हे बिडाच्या ओतकामाचे गाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारागिरांना मिलिंग नवे नाही, आणि भक्कम उभ्या मिलिंग मशिनवर पातळ पत्र्याचे प्रयोग करता येतात. टूल एच-१३ या उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे चालते. टूलचा कल २ ते ३ अंश ठेवतात. पिन पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित आखूड. मात्र मिलिंग मशिन खोली धरून ठेवते, दाब नव्हे. पत्रा जराही उचलला गेला की सगळे गणित बिघडते, म्हणून फिक्श्चरवर, म्हणजे पत्रे घट्ट धरणाऱ्या पकडीवर, खर्च करावा; पिन पत्रे बाजूला ढकलत असते हे विसरू नये.

फेरे, सरकवेग आणि कल यांच्या प्रत्येकी तीन पातळ्या घेतल्या तर २७ प्रयोग होतात. तागुची पद्धतीच्या (मोजक्याच निवडक प्रयोगांतून निष्कर्ष काढण्याच्या) एल-९ मांडणीत नऊच पुरतात. पण घटकांचा एकमेकांवरील परिणाम या मांडणीत वेगळा काढता येत नाही. त्यामुळे निघालेल्या मापांवर पुन्हा सांधा करून पाहणे अटळ आहे. केवळ ताणचाचणी पुरेशी नाही. सांध्याचा तळ बाहेरच्या बाजूला ठेवून नमुना वाकवला की तळाशी नुसता चिकटलेला, न जुळलेला धातू उघडा पडतो.