टीपीसी आणि एफएफए: वापरलेल्या तेलाची दोन वेगळी मापं

कळंगुटच्या शॅकमधलं असो की म्हापशातल्या भजीच्या गाड्यावरचं, तेल किती खराब झालंय हे दोन मापांनी सांगता येतं. दोन्हींचे आकडे टक्क्यांतच येतात, म्हणून गल्लत होते.

टीपीसी म्हणजे तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं, तळताना तेल मोडून तयार होणारी. हे माप खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने १ जुलै २०१८ पासून त्यावर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्यापुढचं तेल तळणीत वापरायचं नाही. मीटरचा दांडा गरम तेलात बुडवला की आकडा दिसतो. मात्र इसवणाचे (सुरमईचे) तुकडे काढल्या काढल्या बुडवू नये. बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरावा, पाण्यामुळे आकडा चुकतो.

एफएफए म्हणजे तेलापासून सुटी झालेली स्निग्धाम्लं. टीपीसीत तीही धरलेली असतात, पण वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल, म्हणजे डिझेलऐवजी चालणारं इंधन, करणाऱ्याचं सगळं गणित त्यांच्यावरच बसतं. कॉस्टिक सोडा मिथेनॉलशी मिळून तेलाचं बायोडिझेल करतो. सुटं आम्ल भेटलं की त्याचा साबण होतो. १०० किलो तेलात ३ टक्के एफएफए असेल, तर ते मारण्यातच सुमारे सव्वाचारशे ग्रॅम कॉस्टिक सोडा खर्ची पडतो. वर तो साबण धुताना फेस करतो आणि चांगलं बायोडिझेलही पाण्याबरोबर ओढून नेतो.

दोन्ही आकडे एकत्र वाढतीलच असं नाही. आच आणि हवा लागून तेल दाट, काळं होतं, टीपीसी चढतं. एफएफए मुख्यतः पाण्याने वाढतं. म्हणून टीपीसी २७ असलेलं काळपट तेल बायोडिझेलला उत्तम चालू शकतं. उलट, मासळीचा रस आणि रव्याचा गाळ तळाशी ठेवून पावसाळाभर उघडा पडलेला डबा पुन्हा आचेवर न चढताही बिघडत जातो. माझ्या मते गोव्यात तेल गोळा करणाऱ्यांनी सर्वांत आधी या डब्यांकडे बघायला हवं: तेल गाळलेलं, कोरडं आणि घट्ट झाकणाखाली असावं.

एफएफए मीटरवर दिसत नाही, टायट्रेशन करावं लागतं. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि ०.१ टक्क्याचं कॉस्टिकचं पाणी थेंबथेंब सोडायचं. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. किती कॉस्टिकचं पाणी लागलं, त्यावरून एफएफए काढता येतं.

एफएफए साधारण १ टक्क्याच्या आत आलं, तर सरळ रस्ता: तेल तापवून पाणी उडवायचं, मग तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे सहा, १ टक्क्याच्या आसपास उत्प्रेरक (तोच कॉस्टिक सोडा), ६० अंश आणि तासभर ढवळणं. आच वाढवून घाई करू नये, मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्याची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही. एफएफए बरंच जास्त असेल तर कॉस्टिक वाढवून भागत नाही, साबणच वाढतो. आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल घालून त्या आम्लांचंच एस्टर, म्हणजे बायोडिझेल, करायचं, त्यात तयार झालेलं पाणी काढायचं आणि मगच कॉस्टिककडे वळायचं.

ही तपासणी प्रत्येक डब्याची वेगळी व्हावी, तीही टाकीत ओतण्याआधी. एक आंबट डबा चांगल्या तेलात मिसळला की सगळ्या टाकीलाच दुसरा, खर्चिक रस्ता धरावा लागतो.