लोंगवा : गाव आधीचं, सीमा नंतरची

नागालँडच्या मोन जिल्ह्यातलं लोंगवा हे कोन्याक नागांचं गाव डोंगराच्या धारेवर वसलं आहे. भारत-म्यानमार सीमा याच धारेवरून जात असल्याने काही घरं अर्धी इकडे, अर्धी तिकडे आहेत. गावच्या आंघाचं, म्हणजे वंशपरंपरागत प्रमुखाचं, लांबलचक घरही त्यांतलंच. त्याचा शब्द मानणारी गावं दोन्ही देशांत आहेत.

इंग्रज आणि ब्रह्मदेश (आजचा म्यानमार) यांच्यातल्या १८२६च्या यांदाबो तहानंतर इंग्रजांनी या डोंगरांत रेघा ओढल्या. आजची सीमा मात्र १९६७च्या भारत-ब्रह्मदेश कराराने ठरली आणि १९७०-७१च्या सुमारास लोंगव्यात १५४ क्रमांकाचा खांब उभा राहिला. दोन्ही वेळा गावाला कुणी विचारलं नाही.

तरीही रोजचं जगणं अडलं नाही, कारण येण्याजाण्याची मुभा होती. १९५०च्या दशकात डोंगरी जमातींना सीमेच्या दोन्ही बाजूंना ४० किलोमीटरपर्यंत पासपोर्टशिवाय फिरता येई. १९६८मध्ये परवाना आला, २००४मध्ये अंतर १६ किलोमीटरवर आलं आणि २०१८मध्ये दोन्ही देशांनी त्यावर करार केला. लोंगव्यातल्या अनेकांची शेतं पलीकडच्या उतारावर आहेत, तर पलीकडची मुलं शिकायला आणि आजारी माणसं उपचाराला इकडे येतात. हे सगळं त्या मुभेवर चालत होतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने ही मुभा रद्द करण्याची आणि सगळ्या १,६४३ किलोमीटर सीमेवर कुंपण घालण्याची घोषणा केली. घुसखोरी, शस्त्रं आणि अमली पदार्थांची तस्करी ही कारणं देण्यात आली. मणिपूरमध्ये मे २०२३पासून पेटलेल्या हिंसाचाराची पार्श्वभूमी त्यामागे होती. ही कारणं खोटी नाहीत; अफूने कोन्याक गावांचंही बरंच नुकसान केलं आहे. पण मणिपूरच्या प्रश्नावरचा उपाय मोनच्या डोंगरावर जसाच्या तसा लादणं पटत नाही. मिझोराम आणि नागालँड या दोन्ही विधानसभांनी लागोपाठ विरोधाचे ठराव केले, हे दिल्लीतल्या चर्चेत फारसं आलंच नाही.

२०२४च्या अखेरीस तोडगा निघाला तो अर्धवट. मुभा पूर्ण गेली नाही, पण अंतर १० किलोमीटरवर आलं आणि ठरलेल्या नाक्यांवरून सीमा-पास घेऊनच ये-जा करायची असं ठरलं. लोंगव्यात शेतावर जाणाऱ्या माणसाची पायवाट नाक्यावरून नाही, स्वतःच्या परसातून जाते. कुंपण घरांच्या कुठल्या बाजूने घालायचं, याचं उत्तर गावाला अजून हवं आहे.