‘कुणाला सांगू नकोस हं, शपथ आहे’

लंडनमध्ये 1953 साली चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने जीव नकोसा झालेल्यांसाठी एक फोन नंबर जाहीर केला. फोन तर येऊ लागलेच, पण लोक भेटायलाही येऊ लागले. ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला, दोन शब्द बोलायला म्हणून काही स्वयंसेवक बाहेर बसायचे. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं, की कितीतरी माणसं बाहेरच मन मोकळं करतात आणि त्यांना न भेटताच परत जातात. फेब्रुवारी 1954 मध्ये त्यांनी ऐकण्याचं सगळं काम त्या स्वयंसेवकांच्या हाती दिलं. ‘समॅरिटन्स’ ही संस्था अशी उभी राहिली.

शाळा-कॉलेजच्या मुलांना चहा देणारं कुणी नेमावं लागत नाही. पेपर वाईट गेला, प्रेमात फिसकटलं, घरी रोजची भांडणं, हे सगळं आईबापांच्या आधी मित्राला किंवा मैत्रिणीला कळतं. ‘आता जगावंसंच वाटत नाही’ हा रात्री दीडचा मेसेजही तिकडेच जातो, आणि पाठोपाठ शपथ. ज्याला शपथ घातली तोही सोळाच वर्षांचा. सांगावं तर मैत्री तुटणार, न सांगावं तर रात्रभर डोळा लागत नाही.

सवंगड्यांच्या आधारातून आत्महत्या रोखण्याचे उपक्रम नेमके या शपथेपाशी काम करतात. मुलांना छोटे मानसोपचारतज्ज्ञ बनवणं हा त्यांचा हेतू नसतो. मित्राचं ऐकून घ्यायचं, ‘जीव द्यायचे विचार येतात का’ असं सरळ विचारायचं आणि शपथ मोडून विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, एवढंच शिकवतात. असं विचारल्याने भलतंच डोक्यात भरेल, ही भीती घरोघरी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांवर संशोधक मॅडलिन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये ना अस्वस्थता वाढली, ना आत्महत्येचे विचार.

‘सोर्सेस ऑफ स्ट्रेंथ’ हा अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातून सुरू झालेला उपक्रम. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे प्रशिक्षणासाठी मुलं निवडण्याची पद्धत: शाळेतल्या वेगवेगळ्या टोळक्यांमधून मुलं घ्यायची. आपल्याकडे असलं काही निघालं की मॉनिटर आणि पहिल्या पाचांतली मुलं आधी उभी केली जातात. मागच्या बाकावरचा मुलगा त्यांच्याकडे कशाला जाईल? 18 शाळांमध्ये झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मोठ्या शाळांमधल्या प्रशिक्षित मुलांनी धोक्यातल्या मित्राला मोठ्यांपर्यंत नेण्याचं प्रमाण प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या चौपट निघालं. बाकीच्या विद्यार्थ्यांचाही ‘शाळेतली मोठी माणसं मदत करतील’ हा विश्वास वाढला, आणि तो सर्वाधिक वाढला तो आधी आत्महत्येचे विचार येऊन गेलेल्या मुलांमध्ये. मात्र ही चाचणी मुख्यतः वृत्ती आणि वागणूक मोजणारी होती. जीव किती वाचले, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

त्या प्रश्नाच्या जवळ पोचला तो युरोपचा अभ्यास. दहा देशांतल्या 168 शाळा, 11,110 विद्यार्थी. काही शाळांत शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं, काहींत तज्ज्ञांनी प्रश्नावलीतून मुलं निवडली, तर काहींत मुलांनीच आपसांत नाट्यप्रसंग उभे करून ताण, नैराश्य, अडचणीतला मित्र यांवर बोलायचं ठरलं. तीन महिन्यांनी कुठेच फरक दिसला नाही. वर्षानंतर दिसला, तो फक्त या शेवटच्या गटात: आत्महत्येचे नवे प्रयत्न 0.70 टक्के, तर तुलनेच्या गटात 1.51. याला काटेकोर अर्थाने ‘सवंगड्यांचा आधार’ म्हणता येणार नाही, कारण वर्गात प्रशिक्षित मोठं माणूस असायचं. पण बोलणं मुलांचं होतं.

धोकेही आहेत. मित्राचा भार वाहता वाहता स्वतः खचणारी मुलं असतात, म्हणून त्यांच्या पाठीशी जाणती माणसं हवीतच. आणि मुलाने धीर करून सांगितल्यावर समोरून ‘नाटकं करतोय तो, तू अभ्यासाकडे बघ’ असं उत्तर आलं, तर तो पुन्हा कधी सांगायला येणार नाही.

भारतात 2022 मध्ये 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा सुरू झाली. 14416 हा तिचा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. मित्राची काळजी वाटतेय आणि काय करावं सुचत नाही, अशा वेळी मित्रानेही तो लावला तरी चालतो.