सोन्याचा खडा आणि रोळण्याचं गणित

भाची कॅनडाहून आली ती गळ्यात सोन्याचा ओबडधोबड खडा घालून. हरभऱ्याच्या डाळीएवढा, युकॉनमधल्या डॉसन गावी घेतलेला. नदीतून निघाला तसाच, न वितळवता, न ठोकता, वर फक्त एक कडी बसवलेली. इथे सोलापूरच्या सराफ बाजारात तिने तो तपासायला दिला. यंत्राने टंच ८४ (शंभरात ८४ भाग सोनं) दाखवला आणि गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "ताई, यात भेसळ आहे. मातीतनं निघालेलं सोनं चोवीस कॅरेटच असतं." पोर हिरमुसली.

हा गैरसमज घरोघरी आहे. जमिनीत खोलवर, ३०० अंशांच्या आसपास तापलेल्या गंधकयुक्त पाण्यात सोनं विरघळतं. खडकाला तडा गेला की दाब एकदम उतरतो आणि ते गारगोटीच्या शिरेत बसतं. त्याच पाण्यातून चांदीही येते. दोघींचे अणू जवळपास सारख्या आकाराचे, त्यामुळे एकाच स्फटिकात त्या सहज सामावतात. डॉसनजवळच्या क्लोंडाइक भागातल्या सोन्यात पाचवा हिस्सा चांदी असणं काही नवलाचं नाही. पुढे नदीत लोळताना वरच्या थरातली चांदी हळूहळू निघून जाते, म्हणून खड्याची साल गाभ्यापेक्षा चोख असते. क्ष-किरणांचं यंत्र वाचतं ती ही सालच. आत टंच आणखी कमी असेल, आणि तरीही त्यात कोणी भेसळ केलेली नाही.

मला खरी ओढ आहे ती हा खडा वाळूतून वेगळा कसा होतो याची. आपल्याकडे ज्वारी सुपात पाखडतात, पण खडे काढायचे तर तांदूळ पाण्यात रोळतात. सोनं शोधणाराही रोळतोच. पाणीच का?

सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. हवेत सोनं सव्वासात पट जड. आता दोन्ही बुडवा आणि शाळेतला आर्किमिडीज आठवा: दर घन सेंटिमीटरमागे पाणी १ ग्रॅमचा भार उचलून धरतं. सोन्याचे उरले १८.३, गारगोटीचे १.६५. भागून पाहा, ११ पट! पाण्याने दोघांकडून सारखंच घेतलं, पण गारगोटीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भार गेला आणि सोन्याचा जेमतेम विसावा.

पुढचं जरा सावकाश वाचा. दाणा बुडण्याचा वेग या उरलेल्या भारावर आणि दाण्याच्या आकारावर ठरतो. जाडसर दाण्यांचा वेग घनतेतला फरक गुणिले व्यास, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे १ मिलिमीटरचा सोन्याचा कण आणि ११ मिलिमीटरचा गोटा साधारण एकाच वेगाने तळ गाठतात. पिठासारख्या बारीक कणांत मात्र वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, तिथे अकराचं वर्गमूळ घ्यायचं: सोन्याच्या जोडीला ३.३ पट मोठी वाळू बसते. म्हणून जाणकार माणूस मऊ रेतीत वेळ घालवत नाही. तो वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडांच्या आडोशाला, खडकाच्या भेगेत, जाड गोट्यांखाली खणतो. परातीतले गोटे तो आधी हाताने वेचून टाकतो, कारण सोन्याशी बरोबरी करणारे तेच असतात. मग हिसके देत हलवलं की सोनं फटींतून खाली उतरतं आणि शेवटी चुंबकाला चिकटणाऱ्या काळ्या रेतीच्या कडेला पिवळी रेघ उरते.

ती रेघ किती? घनमीटरभर गाळात अर्धा ग्रॅम सोनं धरा. गाळाचं वजन सुमारे २ टन. १० किलोची एक परात, तर २०० पराती. तासाला १० धुतल्या तर वीस तास कंबरेत वाकून, गुडघाभर पाण्यात, अर्ध्या ग्रॅमसाठी. झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी कितीतरी कुटुंबं हेच करतात. जगात अनेक ठिकाणी असे लोक बारीक सोनं पाऱ्यात धरतात आणि पारा चुलीवर उडवतात. ती वाफ मेंदूवर आघात करते. २०१३ चा मिनामाता करार पाऱ्याच्या अशा वापराला आवर घालण्यासाठीही आहे. आपले झारेकरी वेगळं काय करतात? सोनाराच्या दुकानातला केर, गटारातला गाळ, तीच परात, तेच हिसके. लहानपणी सराफ बाजारात मी त्यांच्यासमोर तासन्‌तास उभा राहत असे.

मग भीमेच्या वाळूत सोनं का नाही? सोलापूर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बसाल्टवर वसलंय, आणि त्यात तशा सोनेरी शिरा नाहीत. हट्टीची सोन्याची खाण आहे कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात, कितीतरी जुन्या खडकात. भीमा वाहते तिकडेच, आणि सोनं काही प्रवाहाच्या उलट चढत नाही. वाळूत काही चमकलं तर सुई टोचा: सोन्यात खड्डा पडतो, अभ्रकाचे पापुद्रे निघतात, पायराइटचा काळसर चुरा होतो. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा लोभापायी लेकरांचे जीव गेले आहेत.

भाचीला दुकानदाराने खडा मोडीत घालून बावीस कॅरेटची अंगठी करायला सुचवलं होतं. रात्री आम्ही तो भिंगाखाली धरला. कोपरे अजून पुरते घासलेले नव्हते आणि एका खाचेत पांढऱ्या गारगोटीचा कण अडकलेला होता. म्हणजे नदीत हा फार लांब वाहिलेला नाही, मूळ शीर जवळच कुठेतरी वरच्या अंगाला असणार. सकाळी तिने मोडीचा विचार सोडला.